पासपोर्टची मेमरी

आपल्या हॉस्टेलवर ट्रिप ठरते ती रात्री साडेअकरानंतर, आणि रद्द होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या लेक्चरला. हा नियम गेली चार वर्षं मी पाहतो आहे. ही एक ट्रिप मात्र रद्द करणं शक्यच नव्हतं, कारण तिची सुरुवात मावशीच्या फोनने झाली होती.

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, २०१८ साली मेडिकल शिकायला आर्मेनियाला गेली. राजधानी येरेवान, कोर्स सहा वर्षांचा. मध्ये करोना आला, युद्ध आलं. २०२१ मध्ये काका गेले तेव्हा तिला पोचताच आलं नाही. जून २०२४ मध्ये तिचं पदवीदान ठरलं आणि मावशी मला म्हणाली, "एवढं इंजिनिअरिंग शिकतोयस ना, मग मला तिकडे नेऊन आण." इंजिनिअरिंगचा आणि याचा काय संबंध, असं विचारायची सोय नव्हती. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता, वय ५६.

आता माझ्या रूम पार्टनरचा दादा बाकूला असतो. बाकू म्हणजे अझरबैजानची राजधानी, कॅस्पियन समुद्राच्या काठी, तेलाचं गाव. पार्टनरने ॲटलास उघडला, पट्टी ठेवली आणि जाहीर केलं, "येरेवान ते बाकू सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर! अरे, पुणे-हैदराबादपेक्षा कमी. एका ट्रिपमध्ये दोन्ही उरकू. मीपण येतो." त्या रात्री आम्ही तिघांचं वेळापत्रक वीस मिनिटांत बनवलं. ते साफ चुकीचं होतं, हे कळायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते लिहावं असं आमच्या मॅडमनी सुचवलं, म्हणून हा लेख.

आधी नकाशा बघू. दक्षिण कॉकेशसमध्ये तीन देश: जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान. तिघेही १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होते. आर्मेनियाला शेजारी चार, पण त्यातल्या दोघांच्या सीमा बंद. पूर्वेला अझरबैजान. त्याच्याशी नागोर्नो-काराबाखवरून १९८८ पासून भांडण पेटलं, पहिलं युद्ध १९९४ च्या शस्त्रसंधीने थांबलं, आणि तेव्हाच्या बंद सीमेतून आम्ही निघालो तोवर कोणी प्रवासी इकडून तिकडे गेलेला नव्हता. पश्चिमेला तुर्कस्तान. अझरबैजानची बाजू घेऊन त्याने १९९३ मध्ये आपलीही सीमा बंद केली. उरले दक्षिणेला इराण आणि उत्तरेला जॉर्जिया. म्हणजे पार्टनरच्या पट्टीखालची साडेचारशे किलोमीटरची रेष कागदावरच. जायचं तर जॉर्जियातून.

आमच्याकडे कॉम्प्युटरला ग्राफ थिअरी असते. शहरं म्हणजे नोड, रस्ते म्हणजे एज. तीन देश, म्हणजे भेटी देण्याचे क्रम सहा. प्रत्येक क्रम लिहायचा, खर्च मांडायचा, सर्वांत स्वस्त तो घ्यायचा. दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमधला प्रॉब्लेम! मी मोठ्या आत्मविश्वासाने तो व्हाइटबोर्डवर मांडला आणि तिथेच फसलो. कारण जर्नलमधला ग्राफ तुम्ही आधी कुठून आलात हे लक्षात ठेवत नाही. तुम्ही 'क' वर उभे आहात, 'ख' ला जायचंय, रस्ता आहे, तर जा. खऱ्या सीमेवरचा माणूस मात्र विचारतो, "'क' ला येण्याआधी कुठे होतात?" आणि तुम्ही सांगितलं नाही तरी पासपोर्ट सांगतो. पासपोर्टला मेमरी असते. ती फॉरमॅट करता येत नाही.

याचं जुनं उदाहरण पश्चिम आशियातलं. इस्रायलचा शिक्का असलेला पासपोर्ट दिसला की लेबनॉन, सीरिया, इराणसारखे देश प्रवेश नाकारत, म्हणून इस्रायलने २०१३ पासून विमानतळावर शिक्क्याऐवजी एक सुटी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. चांगली युक्ती. पण माणूस इजिप्तमधून ताबाच्या नाक्याने जमिनीवरून इस्रायलमध्ये गेला असेल तर इजिप्तचा शिक्का बसतोच, आणि ताबातून दुसरीकडे कुठे जाता येतच नाही. म्हणजे तुमच्या देशाने पुसलं तरी शेजाऱ्याच्या वहीत राहतं.

आमच्या तीन देशांत प्रकार थोडा वेगळा होता. आर्मेनियाचा शिक्का आहे म्हणून भारतीयाला अझरबैजान बंद, असा नियम नाही. पण बाकूच्या विमानतळावर चौकशी वाढते, आर्मेनियात घेतलेल्या वस्तू, पुस्तकं, नकाशे काढून घेतले जाऊ शकतात. उलट बाजूने, म्हणजे अझरबैजानचा शिक्का घेऊन आर्मेनियात जाणाऱ्याला, प्रश्न विचारले जातात पण त्रास कमी, असा बहुतेक प्रवाशांचा अनुभव. म्हणजे एज दोन्ही दिशांनी आहे, पण दोन्ही दिशांचा खर्च सारखा नाही. त्यामुळे क्रम आपोआप ठरला: आधी बाकू, मग जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, मग येरेवान. पदवीदानाची तारीख हलणार नव्हती, ते शेवटी येत होतं हेही बरंच. आर्मेनियातून येताना कॉन्यॅक आणि सुकामेवा घेतला तरी तो बाकूला न्यायचा प्रश्न नाही. (कॉन्यॅक पार्टनरच्या दादासाठी. मावशीला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता कळेल.)

मात्र जी गोष्ट शिक्क्याइतकी साधी नाही ती काराबाखची, आणि तिथे आमच्या ताईचा प्रश्न आला.

काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचा भाग, पण १९९४ पासून ताबा तिथल्या आर्मेनियन लोकांचा. परदेशी प्रवासी आर्मेनियातून लाचिनच्या रस्त्याने तिथे जात. अझरबैजानच्या दृष्टीने ती बेकायदा घुसखोरी. असे जे जे लोक सापडले त्यांची नावं बाकूचं परराष्ट्र मंत्रालय 'नको असलेल्या व्यक्ती' म्हणून यादीत घालून प्रसिद्ध करत असे. ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये त्या यादीत गेली, २०१७ मध्ये तिथे जेवणाचा कार्यक्रम चित्रित करणारा अँथनी बोर्डेनही गेला. अलेक्झांडर लापशिन या प्रवासलेखकाचं तर याहून वाईट झालं. त्याला डिसेंबर २०१६ मध्ये बेलारूसमध्ये पकडलं, फेब्रुवारी २०१७ मध्ये बाकूच्या हवाली केलं, तिथे तीन वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबरमध्ये माफी मिळून तो सुटला. लक्षात घ्या, तो अझरबैजानच्या सीमेवर पकडला गेलाच नव्हता. तिसऱ्याच देशात पकडला गेला.

आणि आमची ताई २०१९ च्या वसंतात कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर दोन दिवस स्तेपानाकेर्तला जाऊन आलेली. (त्याच गावाला अझरबैजानी खानकेंदी म्हणतात. कुठल्या देशात उभं राहून कुठलं नाव घ्यायचं, हासुद्धा आखणीचाच भाग.) तेव्हा विनंती केली तर तिथला व्हिसा वेगळ्या कागदावर देत, त्यामुळे तिच्या पासपोर्टात काहीच नाही. पण गावाबाहेर लाल दगडातलं आजी-आजोबांच्या चेहऱ्यांचं मोठं शिल्प आहे, १९६७ सालचं, 'आम्ही आमचे डोंगर' नावाचं. त्याच्यासमोर ताई दात काढून उभी आहे, असा फोटो फेसबुकवर पाच वर्षं होता.

मूळ बेत असा की पदवीदानानंतर ताईनेही आमच्याबरोबर फिरावं. ती सहा वर्षं येरेवानला, पार्टनरचा दादा चार वर्षं बाकूला, दोघंही पुण्याचे. मी म्हटलं, फोटो काढून टाक, पासपोर्ट कोरा आहे, कोणाला कळतंय. फोनवर ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गेले होते, ते गेलेच होते. उद्या कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि आईसमोर तर नाहीच." मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने एका दिवसाच्या कारवाईत काराबाख घेतलं आणि आठवड्याभरात एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं घरं सोडून त्याच लाचिनच्या रस्त्याने बाहेर पडली. तिच्या वर्गातली मुलं गोरिस गावात मदतीला गेली होती. ज्या घरात ताई २०१९ ला दोन रात्री राहिली होती त्या घरातली आजी तिला तिथे भेटली. हातात एक पिशवी आणि घराची किल्ली. १ जानेवारी २०२४ ला ते काराबाखचं प्रजासत्ताक कागदावरूनही संपलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर पार्टनरचा दादा मला सोडणार नाही. त्याच्या ऑफिसातला ड्रायव्हर अग्दामचा. १९९३ मध्ये ते शहर आर्मेनियन फौजांनी घेतलं, सगळी अझरबैजानी वस्ती पळाली, घरांचे नुसते सांगाडे उरले. २०२० च्या युद्धानंतर ते परत मिळालं. त्याच्या आईकडेही किल्ली होती म्हणे. दार नव्हतं.

असो. ताई बाकूला येणार नाही हे पक्कं झालं, आणि त्यामुळे सगळी आखणी पुन्हा मांडावी लागली. दादा येरेवानला येऊ शकेल का? भारतीय म्हणून येऊ शकतो, पण परत बाकूला नोकरीवर जायचं, मग विमानतळावर रोजचीच चौकशी मागे लावून घ्यायची कशाला? उरलं तिबिलिसी. सगळ्यांनी तिथे भेटायचं. आता जॉर्जियात आम्ही दोनदा शिरणार होतो, एकदा बाकूहून आणि एकदा येरेवानहून परत येताना, म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही. अर्ज करताना ही एक गोष्ट विसरलात तर तुम्ही आर्मेनियात आत आणि बाहेर पडायचा रस्ता बंद. ग्राफच्या भाषेत, जो नोड दोनदा वापरायचा त्याचा व्हिसा दोनदा मोजायचा. अझरबैजानचा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा होता, पण तिथे दुसऱ्यांदा जायचंच नव्हतं.

व्हिसाचे फॉर्म मी भरले आणि मावशीच्या फॉर्मला घोळ केला. आपल्याकडे बाईच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव दोन्ही छापलेलं असतं. मी फक्त मावशीचं नाव टाकलं. पैसे भरायच्या आधी पार्टनरने पाहिलं म्हणून वाचलो. फॉर्ममध्ये पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत (ती बाणांची चिन्हं असलेल्या) जे आहे तेच अक्षर न् अक्षर टाकायचं. आपल्याला काय योग्य वाटतं ते नव्हे.

मग एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. त्याने छान रंगीत कागद दिला. त्यावर बाकू ते तिबिलिसी रात्रीची रेल्वे, स्लीपर, सकाळी पोचणार. मी खूश. पार्टनरने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "कुठली गाडी? २०२० पासून बंद आहे!" खरंच होतं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या, आणि करोना गेला तरी दर काही महिन्यांनी मुदत वाढवत नेली. आम्ही निघालो तेव्हाही त्या बंदच होत्या. मैत्री असलेल्या जॉर्जियाबरोबरही! म्हणजे बाकूत शिरायचं विमानाने आणि, आमच्यापुरतं तरी, निघायचंही विमानाने. एजंटाचा दोष काय, त्याने कुठल्यातरी २०१९ च्या पुस्तकातून उतरवलं होतं. पण त्या गाडीचं धरून आम्ही पुढची तिकिटं काढली असती तर मावशी पदवीदानाच्या दिवशी बाकूच्या स्टेशनवर बसली असती. तेव्हापासून माझा नियम: सीमेबद्दलची कुठलीही माहिती तारखेसकट लिहायची. तारीख नसेल तर ती अफवा समजायची.

जॉर्जियातही एक खड्डा आहे, तो थोडक्यात. अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे दोन प्रदेश जॉर्जियाचे, पण २००८ च्या युद्धानंतर रशियन फौजांच्या आधाराने वेगळे चालतात. जॉर्जियाचा २००८ चा कायदा सांगतो की तिथे जायचं तर जॉर्जियाच्या बाजूनेच. रशियातून शिरणं गुन्हा. नकाशात रस्ता दिसला म्हणून घेऊ नये. आमच्या वाटेत ते नव्हतं, विषय संपला.

बॅगेबद्दल मात्र सांगतो. आपल्या टेक-फेस्टच्या रॉकेट टीमचा काळा टी-शर्ट आठवतो ना, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पिनाका'? पार्टनरने तो भरला होता. पिनाका ही आपल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत घडलेली रॉकेट प्रणाली. आणि २०२२ मध्ये भारताने ती कोणाला विकल्याच्या बातम्या आल्या? आर्मेनियाला! तो टी-शर्ट घालून हा पठ्ठ्या बाकूत उतरणार होता. मी तो काढून कपाटात टाकला. राजकारण आपल्याला कळत नाही असं म्हणून चालत नाही, ते आपल्या पाठीवर छापलेलं असतं.

प्रत्यक्ष प्रवास सुरळीत झाला. दिल्लीहून बाकू, तिथे चार दिवस. दादाने संगाचालचं टर्मिनल लांबून दाखवलं, जिथून बाकू-तिबिलिसी-जेहान पाइपलाइन निघते. १७६८ किलोमीटर, त्यातले ४४३ अझरबैजानात, २४९ जॉर्जियात, १०७६ तुर्कस्तानात. आर्मेनियातून गेली असती तर अंतर कमी झालं असतं. तेलालाही व्हिसा मिळाला नाही! २०१७ मध्ये सुरू झालेली बाकू-तिबिलिसी-कार्स रेल्वेही तशीच वळसा घालते, आणि आर्मेनियातून कार्सला जाणारा जुना रूळ १९९३ पासून गंजत पडलेला. आमच्या चुकलेल्या ग्राफवर मोठमोठ्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलर खर्चून तोच वळसा काढला होता, हे पाहून जरा बरं वाटलं.

बाकू-तिबिलिसी विमान, मग टॅक्सीने दक्षिणेला. सीमेवर जॉर्जियाचं गाव सदाखलो. वस्ती अझरबैजानी लोकांची, पलीकडे पुलापार आर्मेनिया. युद्ध झालं, सीमा बंद झाली, तरी १९९० च्या दशकात दोन्हीकडचे व्यापारी या गावातल्या बाजारात एकमेकांना माल विकत होते. २००० च्या दशकात तो बाजार बंद करण्यात आला. नाक्यावर आर्मेनियन अधिकाऱ्याने बाकूचा शिक्का पाहिला, मावशीकडे पाहिलं, "तिथे कशाला गेला होता?" विचारलं. मी सांगितलं, मित्राच्या भावाकडे. "आणि इथे?" मावशीला प्रश्न कळला नव्हता, पण तिने पर्समधून ताईचा फोटो काढून काउंटरवर ठेवला. "डॉक्टर," ती म्हणाली. शिक्का बसला.

वाटेत सानाहिन लागतं. इथे आर्तेम मिकोयान जन्मला, ज्याच्या आडनावाचा पहिला भाग 'मिग' मध्ये आहे. मिकोयान बंधूंच्या संग्रहालयाच्या आवारात एक मिग-२१ उभं आहे. नाशिकजवळ ओझरला ज्या विमानांचं उत्पादन व्हायचं, तेच. पार्टनर मेकॅनिकलचा, तो तिथून हलेना.

पदवीदान झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, मावशी रडली एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या खोलीच्या खिडकीतून अरारात पर्वत दिसला, पांढराशुभ्र, अगदी घरामागे असल्यासारखा. मावशी म्हणाली, "केवढा जवळ आहे गं! उद्या जाऊन येऊ या का?" ताई म्हणाली, "आई, तो तुर्कस्तानात आहे. पन्नास-साठ किलोमीटर असेल, पण तिथे जायला आधी जॉर्जियाला जावं लागतं." मावशी बराच वेळ बघत राहिली.

परतताना तिबिलिसीला दादा विमानाने आला. कुरा नदीच्या वरच्या बाजूला एका छोट्या हॉटेलात आम्ही पाच जण जेवलो. मावशीच्या गोड्या मसाल्याची एक पिशवी येरेवानला गेली होती, एक बाकूला. दादा आणि ताई पहिल्यांदाच भेटत होते. तिने त्याला किल्लीवाल्या आजीची गोष्ट सांगितली, त्याने तिला ड्रायव्हरच्या आईची. दोघंही भांडले नाहीत, पण सहमतही झाले नाहीत.

त्यानंतर बरंच बदललं आहे, म्हणून माझ्या आखणीवर जसंच्या तसं कुणी जाऊ नये. मे २०२५ मध्ये आपल्या आणि पाकिस्तानच्या संघर्षात तुर्कस्तान आणि अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली, आणि इथल्या पुष्कळ लोकांनी तिकडच्या सहली रद्द केल्या. आमचं तेच तिकीट वर्षभराने असतं तर मावशीला बाकूला नेलं असतं का, माहीत नाही. ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. त्याच महिन्याच्या अखेरीला पाकिस्तानने, ज्याने आर्मेनियाला इतकी वर्षं देश म्हणूनच मानलं नव्हतं, त्याच्याशी राजनैतिक संबंध जोडले. म्हणजे व्हाइटबोर्डवरच्या ज्या एजवर मी लाल फुली मारली होती, ती कदाचित उद्या पुसावी लागेल.

कोणाला जायचं असेल तर आमची फाइल माझ्या रूमवर आहे. फॉर्मच्या प्रती, पत्ते, खर्च, सगळं तारखांसकट. एजंटाचा रंगीत कागदही ठेवला आहे. रात्री साडेअकरानंतर या, त्याआधी मी लायब्ररीत असतो.